ज्या टेकडीवर तिचाच विक्रम होता



आजच्या गप्पा बर्फावरच्या एका खेळाच्या आहेत. आपल्या गावात बर्फ दिसतो तो लग्नातल्या सरबतात किंवा मासळी बाजारातल्या पेटीत. मग हा विषय कशाला, असं तुमच्या मनात येईल. पण या खेळात बायकांना नुसतं नाव घालायला मिळावं म्हणून जे झालं, ते ऐकलंत तर बऱ्याच गोष्टी ओळखीच्या वाटतील.

मला लहानपणापासून बर्फावरचे खेळ बघायचं वेड आहे. घरात त्याची चेष्टाही खूप झाली. टीव्हीवर दर चार वर्षांनी हिवाळी ऑलिंपिकची थोडीफार दृश्यं दिसायची, तेवढ्यावर मी वर्षं काढली. पुढे मोबाइल आला आणि जुन्या स्पर्धाही बघता यायला लागल्या. त्या सगळ्यात मला सर्वांत आवडलेला खेळ म्हणजे स्की जंपिंग, आणि सर्वांत आवडलेली खेळाडू म्हणजे अमेरिकेची लिंडसी व्हॅन. नाव नीट लक्षात ठेवा. लिंडसी व्हॉन नावाची दुसरी एक अमेरिकन खेळाडू आहे. ती बर्फाच्या उतारावरून वेगाने खाली येण्याच्या शर्यतीत २०१० साली ऑलिंपिकचं सुवर्णपदक जिंकली आणि जगभर गाजली. आपली ही व्हॅन वेगळी. तिच्याकडे ऑलिंपिकचं एकही पदक नाही.

आधी खेळ समजून घेऊ. डोंगराच्या उतारावर एक उंच, लांब घसरण बांधलेली असते. खेळाडू दोन्ही पायांना लांब, अरुंद पट्ट्या बांधून वर एका आडव्या दांड्यावर बसते. या पट्ट्यांनाच स्की म्हणतात. हातात काठी नाही, आधार नाही. दांडा सोडला की ती घसरत खाली येते आणि घसरणीच्या टोकाशी पोचेपर्यंत तिचा वेग ताशी साधारण ९० किलोमीटर होतो. म्हणजे महामार्गावर धावणाऱ्या मोटारीएवढा. टोकाला पोचताच ती पायांनी जोर लावून स्वतःला हवेत झोकून देते. अंग पुढे वाकवायचं, पट्ट्यांची टोकं फाकवायची आणि हवेवर तरंगायचं. खाली येताना एक पाय पुढे, एक मागे ठेवून उतरायचं. किती लांब गेली त्याचे गुण मिळतात, आणि हवेतली ढब व उतरण्याची सफाई बघून पाच पंच वेगळे गुण देतात.

या खेळात नुसती ताकद पुरत नाही. अंग हलकं असेल तर हवा जास्त वेळ तोलून धरते. म्हणजे बारीक चणीच्या मुलींना यात पुरुषांच्या जवळ जाता येतं. ही गोष्ट लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

खेळ मूळचा नॉर्वे देशाचा. बायकांनी तो कालपरवा शिकला असंही नाही. १८६० च्या दशकात नॉर्वेतल्या ट्रिसिल गावात इंग्रिड वेस्टबी नावाच्या मुलीने लोकांसमोर उडी मारली, अशी नोंद आहे. १९११ साली ऑस्ट्रियात पाउला लाम्बर्ग या सरदार घराण्यातल्या बाईने २२ मीटर उडी घेतली. दोन एसट्या एकीमागे एक उभ्या केल्या तर जेवढी लांबी होईल, तेवढं अंतर. आणि अंगात काय, तर पायघोळ झगा! त्या काळात बाईने विजार घालणं शोभत नव्हतं. घोळदार कपडा अंगावर घेऊन हवेत झेप घेणं काय असेल, हे नऊवारीत धावून बघितलेलीला सांगायला नको.

१९३० च्या दशकात नॉर्वेचीच योहाने कोलस्टाड पुढे आली. तिला स्पर्धेत नाव घालता येत नव्हतं. लोकांना प्रात्यक्षिक दाखवायला मात्र ती चालायची. शेवटी ती अमेरिकेत गेली, गावोगाव उड्या दाखवल्या, आणि १९३८ साली तिथे ७२ मीटर गेली. १९७६ साली आनिटा वोल्ड ही नॉर्वेची मुलगी जपानमधल्या सापोरो शहरात ९७.५ मीटर गेली.

मग आली ऑस्ट्रियाची एवा गान्स्टर. १९९४ साली नॉर्वेतल्या लिलहामर गावी हिवाळी ऑलिंपिक झालं. स्पर्धेआधी घसरण नीट आहे ना, बर्फ धरतो ना, हे तपासायला काही जण उड्या मारून बघतात. त्यांचे गुण मोजत नाहीत. त्या तपासणाऱ्यांत ही शाळकरी वयाची एवा होती. म्हणजे घसरण पुरुषांसाठी सुरक्षित आहे का हे बघायला मुलगी चालली. स्पर्धेत उतरायला चालली नाही. १९९७ साली हीच एवा ऑस्ट्रियातल्या कुल्मच्या प्रचंड टेकडीवरून १६७ मीटर गेली.

आता ऑलिंपिकचा हिशेब बघा. पहिलं हिवाळी ऑलिंपिक १९२४ साली फ्रान्समधल्या शामोनी गावात झालं. त्यात पुरुषांचं स्की जंपिंग होतं. बायकांना एकाच खेळात प्रवेश होता, बर्फावर नाचत घसरण्याच्या, म्हणजे फिगर स्केटिंगच्या. पुढे एकेक करत बाकीचे बहुतेक खेळ बायकांना खुले झाले. स्की जंपिंगचं दार मात्र बंद राहिलं, तेही २०१४ पर्यंत. पुरुष उतरल्यावर बायकांना उतरायला ९० वर्षं लागली. आपल्या पणजीपासून आपल्यापर्यंतचा काळ झाला हा.

कारण काय द्यायचे? शरीराचं. उतरताना बसणारा हिसका बाईच्या पोटाला सोसणार नाही, गर्भाशयाला इजा होईल, असं शंभर वर्षांपूर्वी मोठे मोठे लोक सांगत. ते जुनं झालं म्हणावं, तर २००५ साली आंतरराष्ट्रीय स्की महासंघाचे अध्यक्ष जियान फ्रँको कास्पर यांनी अमेरिकेतल्या एका रेडिओ मुलाखतीत तसंच काहीसं सांगितलं. त्यांच्या म्हणण्याचा अर्थ असा, की वर्षातून हजार वेळा दोन मीटर उंचीवरून जमिनीवर उडी मारण्यासारखं हे आहे आणि वैद्यकीय दृष्टीने ते बायकांना योग्य वाटत नाही. त्या वेळी अनेक देशांतल्या मुली रोज उड्या मारत होत्या. त्यांच्याकडे नुसतं बघितलं असतं तरी उत्तर मिळालं असतं.

आपल्याकडे काय वेगळं आहे? डोक्यावर दोन हंडे घेऊन बाई चढण चढते, तेव्हा तिच्या पोटाची काळजी कुणाला वाटत नाही. तीच बाई ट्रॅक्टरवर बसली की सगळ्यांना एकदम तिच्या तब्येतीची आठवण येते.

आता लिंडसीकडे येऊ. ती १९८४ साली जन्मली आणि युटा राज्यातल्या पार्क सिटी या डोंगरी गावात वाढली. सातव्या वर्षी तिने उड्या मारायला सुरुवात केली. २००२ साली हिवाळी ऑलिंपिक तिच्याच भागात आलं. स्की जंपिंगची स्पर्धा पार्क सिटीजवळच्या टेकडीवर भरली. जगभरातले पुरुष तिच्या दारात येऊन उतरले. सतरा वर्षांच्या लिंडसीला त्या स्पर्धेत जागा नव्हती, कारण बायकांची स्पर्धाच नव्हती.

तिच्यासारख्या मुलींच्या आईवडिलांनी मग एक संस्था उभी केली. पुढे डीडी कोराडिनी तिच्या अध्यक्ष झाल्या. या बाई म्हणजे सॉल्ट लेक सिटी शहराच्या पहिल्या महिला महापौर. कारभार कसा चालतो, पत्र कुणाला लिहायचं, कुठल्या बैठकीत विषय कसा मांडायचा, हे त्यांना ठाऊक होतं. मुली उड्या मारत राहिल्या आणि या बाई कागद फिरवत राहिल्या. दोन्ही कामं बरोबरीने चालली.

२००६ साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीपुढे अर्ज गेला. २०१० चं हिवाळी ऑलिंपिक कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरात होणार होतं, त्यात बायकांचं स्की जंपिंग घ्यावं, असा. समितीने नकार दिला. या वेळी कारण शरीराचं नव्हतं. खेळ अजून पुरेसा वाढलेला नाही, खेळणाऱ्या बायका आणि देश कमी आहेत, असं सांगण्यात आलं. समितीचे तेव्हाचे अध्यक्ष जॅक रॉग यांचं म्हणणं होतं, की इतक्या कमी जणींना पदकं दिली तर पदकाची किंमत उतरेल.

इथे जरा थांबू या. कारण बदललं, उत्तर मात्र तेच राहिलं. आधी म्हणाले, बाईला झेपणार नाही. तिने झेपवून दाखवलं तर म्हणाले, तुम्ही आहात किती जणी? आणि जास्त जणी याव्यात कुठून? ज्या खेळात मोठी स्पर्धा नाही, त्याला सरकार पैसा देत नाही, प्रशिक्षक मिळत नाही, आईबाप मुलीला पाठवत नाहीत. म्हणजे स्पर्धा नाही म्हणून मुली कमी आणि मुली कमी म्हणून स्पर्धा नाही. गटाची सुरुवातीची वर्षं आठवा. तुमच्या नावावर आधीचं कर्ज नाही म्हणून कर्ज नाही, असं ऐकलेल्या कितीजणी आज हे वाचत असतील.

२००८ साली या मुली कोर्टात गेल्या. वेगवेगळ्या देशांतल्या पंधरा जणी एकत्र आल्या, त्यात लिंडसी होती. एरवी मैदानात एकमेकींना हरवायला निघालेल्या या मुली. दावा लावला तो व्हँकुव्हरच्या आयोजन समितीवर. मुद्दा सरळ होता. कॅनडाच्या राज्यघटनेत स्त्रीपुरुष समानतेची हमी आहे. हे खेळ कॅनडाच्या भूमीवर, सरकारी पैशातून होणार आहेत. मग त्यात पुरुषांना उडी आणि बायकांना बंदी कशी?

१० जुलै २००९ रोजी निकाल लागला. न्यायाधीश बाईच होत्या, लॉरी अ‍ॅन फेन्लन. त्यांनी मान्य केलं, की हा भेदभाव आहे. पण पुढे म्हटलं, की कोणते खेळ घ्यायचे हे आंतरराष्ट्रीय समिती ठरवते, स्थानिक आयोजकांच्या हातात ते नाही, आणि त्या समितीला कॅनडाचा हा कायदा लागू होत नाही. म्हणजे अन्याय झालाय हे खरं, पण तो दूर करायचा आदेश इथून देता येत नाही. मुलींनी वरच्या कोर्टात अपील केलं, ते फेटाळलं गेलं. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायलाच नकार दिला. तोवर डिसेंबर उजाडला होता आणि खेळ दोन महिन्यांवर आले होते.

तुमचं बरोबर आहे पण आमच्या हातात नाही, हे वाक्य किती कचेऱ्यांत ऐकलंय आपण! तलाठ्याकडे गेलं की तहसील, तहसीलला गेलं की जिल्हा.

या सगळ्या धावपळीत लिंडसी काय करत होती? उड्या मारत होती. व्हँकुव्हर ऑलिंपिकसाठी व्हिसलर गावाजवळ नवी टेकडी बांधली होती. तिथल्या लहान टेकडीवर सर्वांत लांब उडीचा विक्रम लिंडसीच्या नावावर होता. बायकांमधला नव्हे हो, बायका आणि पुरुष दोघांमधला. आणि २० फेब्रुवारी २००९ रोजी, कोर्टाचा निकाल लागायच्या आधीच, चेक प्रजासत्ताकातल्या लिबेरेत्स शहरात बायकांची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. ती लिंडसीने जिंकली. दुसरी आली जर्मनीची उलरिके ग्रेस्लर, तिसरी नॉर्वेची आनेटे सागेन.

फेब्रुवारी २०१० मध्ये व्हँकुव्हरचे खेळ झाले. जिच्या नावावर त्या टेकडीचा विक्रम, जी जगज्जेती, ती त्या स्पर्धेत नव्हती. पुरुष उतरले, आणि खेळ संपेपर्यंत तिचा विक्रमही मोडला गेला. तो राखायला तिला तिथे उभंही राहता आलं नाही. या सगळ्या कथेत मला सर्वांत जास्त लागतं ते हे.

त्याच वर्षी मार्चमध्ये नॉर्वेच्या राजधानीत, ऑस्लोत, होल्मेनकोलेनची प्रसिद्ध टेकडी नव्याने बांधून तयार झाली. पहिली उडी कुणी मारायची यासाठी लोकांची मतं घेतली आणि मान मिळाला आनेटे सागेनला. पण आदल्या संध्याकाळी एका नामवंत पुरुष खेळाडूला गुपचूप उडी मारू दिली गेली! ते उघड झालं तेव्हा देशभर संताप झाला. आनेटेने ठरल्याप्रमाणे ३ मार्चला आपली उडी मारली, आणि अधिकृत पहिली उडी म्हणून तिचीच नोंद झाली. नारळ बाईच्या हातून फोडायचं ठरल्यावर कुणीतरी आधीच फोडून ठेवावा, तशातला प्रकार.

कोर्टातला दावा हरला, पण वाया गेला नाही. भेदभाव हा शब्द एका न्यायाधीशाच्या सहीनिशी कागदावर आला होता आणि जगभरच्या वर्तमानपत्रांत छापून आला होता. मुलींची संख्याही वाढत होती. ६ एप्रिल २०११ रोजी ऑलिंपिक समितीने बायकांचं स्की जंपिंग २०१४ च्या खेळांत घ्यायला मान्यता दिली. त्याच वर्षी डिसेंबरपासून बायकांसाठी विश्वचषक मालिका सुरू झाली. तिची पहिली स्पर्धा जिंकली पार्क सिटीच्याच सारा हेंड्रिक्सनने. ती लिंडसीपेक्षा जवळजवळ दहा वर्षांनी लहान. लिंडसीच्या उड्या बघत मोठी झालेली पोर.

११ फेब्रुवारी २०१४. रशियातलं सोची. रात्रीची वेळ, दिव्यांचा झगमगाट, ३० मुली. सर्वांत आधी दांड्यावर बसली सारा. सहा महिन्यांपूर्वी तिच्या गुडघ्याची मोठी शस्त्रक्रिया झाली होती. ऑलिंपिकमध्ये बायकांची पहिली उडी तिच्या नावावर लागली. सगळ्यांना वाटत होतं की जपानची सारा ताकानाशी जिंकणार. ती चौथी आली. सुवर्णपदक मिळालं जर्मनीच्या कारिना फोग्टला, रौप्य ऑस्ट्रियाच्या डानिएला इराश्को-श्टोल्झला, कांस्य फ्रान्सच्या कोलिन मातेलला.

आणि लिंडसी? ती पंधरावी आली. वय २९. सातव्या वर्षापासून उड्या मारणाऱ्या मुलीला ऑलिंपिकच्या दांड्यावर बसायला २२ वर्षं लागली. तिच्या भराची वर्षं अर्जात, कोर्टात आणि वाट बघण्यात गेली. जगज्जेती होती तेव्हा दार बंद होतं. दार उघडलं तेव्हा लहान मुली तिच्या पुढे गेल्या होत्या.

ती माझी आवडती का, हे मला मैत्रिणी विचारतात. पदकवाल्या सोडून पंधरावीचं कौतुक कशाला? मी सांगते, त्या दिवशीच्या निकालपत्रावरची तीसही नावं वर पासून खाली वाचा. प्रत्येक नावामागे लिंडसी आणि तिच्या बरोबरीच्या त्या चौदा जणी आहेत. आपल्या गटांतही अशा बाया आहेत. ज्यांनी पहिल्यांदा घरी बोलणी खाऊन बैठकीला यायला सुरुवात केली, ज्यांनी पंचायतीत उभं राहून पहिला ठराव वाचला, त्यांतल्या कितीजणींना स्वतःला कर्ज मिळालं, शिलाई मशीन मिळालं? त्यांच्या सुनांना मिळालं. त्यांची नावं प्रोसिडिंगमध्ये तेवढी राहिली.

पुढे काय झालं तेही सांगते. ज्या खेळाला मुली कमी म्हणत होते, त्यात मार्च २०२५ मध्ये स्लोव्हेनियाची निका प्रेव्ट्स नॉर्वेतल्या विकेरसुंडच्या टेकडीवरून २३६ मीटर गेली. पाउला लाम्बर्गच्या दोन एसट्या होत्या ना, तिथे आता एकीमागे एक वीस उभ्या करा. हे सगळं हवेतून, एका दमात. २०२६ च्या इटलीतल्या खेळांसाठी बायकांची मोठ्या टेकडीवरची स्पर्धाही कार्यक्रमात घेतली गेली.

पण गोष्ट संपलेली नाही. नॉर्डिक कंबाइंड नावाचा एक खेळ आहे. त्यात आधी अशीच उडी मारायची आणि मग त्याच दिवशी स्की घालून बर्फावर काही किलोमीटर पळायचं. पुरुष तो १९२४ पासून ऑलिंपिकमध्ये खेळतात. बायकांचा विश्वचषक २०२० मध्ये सुरू झाला, २०२१ पासून जागतिक स्पर्धाही होते. तरी २०२६ च्या खेळांत बायकांना जागा दिली नाही. कारण विचारल्यावर सांगितलं, देश कमी आहेत आणि बघणारे कमी आहेत. ओळखीचं वाटतंय ना?

या महिन्याच्या बैठकीत हप्ते आणि जमाखर्च झाला की दहा मिनिटं काढा. गटातल्या सर्वांत जुन्या दोघीतिघींना विचारा, की तुम्हाला पहिल्यांदा नाही कुणी म्हटलं आणि काय कारण सांगितलं. मग दुसऱ्यांदा काय कारण सांगितलं. ती कारणं एकाखाली एक वहीत लिहा, तारीख घाला, सगळ्यांच्या सह्या घ्या. ती वही जपून ठेवा. उद्या गटातली एखादी पोर कुठल्या दारात उभी राहील आणि तिला नवं कारण सांगतील, तेव्हा तिला ती वाचायला द्या.